छातीतली गारगोटी

आजाराची भीती मला नंतर वाटली. आधी लाज वाटली. ताप आल्याची किंवा पाय मोडल्याची लाज कोणाला वाटत नाही. छातीच्या आजाराची वाटते, कारण खोकला चारचौघांत लपत नाही आणि ऐकणारे लगेच पदर, उपरणं, जे असेल ते नाकाला लावतात. मी हा आजार पुष्कळ काळ घरात दडवला. आज कोणाच्या घरी असाच कोणी मागच्या खोलीत तोंडावर फडकं धरून बसला असेल, तर त्याच्यासाठी आणि त्याच्या माणसांसाठी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. मालाचं वजन करणारा माणूस आहे. जे झालं ते तसंच मांडतो.

पांढरी खोली

मोरवा गावातल्या आमच्या घराची पूर्वी मिठागरं होती, थोडी भातशेतीही होती. वाटण्या होत होत माझ्या वाट्याला फार उरलं नाही. सातवीपर्यंत शिकलो होतो, हिशेबाला बरा होतो, म्हणून खाडीकाठच्या गारगोटीच्या कारखान्यात काट्यावर नोकरी मिळाली. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट.

गारगोटीचे धोंडे खाडीतून पडावांनी, म्हणजे मोठ्या होड्यांनी, येत. बायका हातोडीनं त्यांचा तांबूस, मातकट भाग फोडून टाकत. उरलेला पांढरा दगड भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचा आणि तसाच पाण्यात सोडायचा, म्हणजे तो तडकून ठिसूळ होतो. मग त्याचं दळण. दळायच्या ढोलात लोखंडाचे गोळे चालत नाहीत, लोखंड झिजलं की पूड मळते. म्हणून ढोलाला आतून दगडच लावलेला आणि दळायलाही गारेचेच गोटे. पुढे पाणी घातलेल्या तेजाबात, म्हणजे आम्लात, पूड धुवायची, उरलासुरला गंज तिथे सुटतो. मग हौद. पहिल्या हौदात जाड कण तळाशी बसले की वरचं दुधासारखं पाणी दुसऱ्यात सोडायचं. त्यात सावकाश जे बसेल तो खरा माल. तो उन्हात वाळवून शेवटी रेशमी कापडाच्या चाळणीतून चाळायचा. काच, चिनी मातीची भांडी, रंग, दंतमंजन, अशा कामांना तो जाई. बोटात धरला तर तांदळाच्या पिठाहून मऊ.

चाळणीची खोली हे कारखान्यातलं मानाचं ठिकाण. वर छप्पर, खाली कोरडी फरशी. वारा आला की पूड उडते आणि भट्टीची काजळी मालावर बसते, म्हणून खिडक्या कायम बंद. माझा काटा त्याच खोलीत. हौदावरची माणसं दिवसभर पाण्यात उभी असत, त्यांच्या पायांना कुजके चिरे पडत. तारोडीचा पास्कू, माझा जुना मित्र, हौदावर होता. तो दारातून डोकावून ओरडे, "काय रं दामू, आज किती पावडर लावलीस? बायको वळखल का तुला?"

"तू तुझे पाय बघ आधी," मी म्हणे.

"माझं पाय बेडकाचं झालं, पर तू तर जिता असून भूत झालायस!"

आम्ही हसत असू. माझ्या भुवया, पापण्या, मिश्या सगळं पांढरं झालेलं असे.

त्या धुळीची भीती आम्हाला का वाटली नाही, ते सांगायला हवं. आम्ही मिठागरवाली माणसं. पांढरी भुकटी म्हणजे आमच्या डोळ्यांना मीठ. मीठ अंगावर बसतं, डोळ्यांत जातं, जखमेला झोंबतं, पण पाणी लागलं की विरघळून जातं. ही पूडही तशीच जाणार, असं आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, सगळे तसं धरूनच चालले होते. काम सुटलं की प्रत्येक जण गुळाचा खडा तोंडात टाकी आणि वर तांब्याभर पाणी पिई. झाली छाती साफ. गूळ कारखान्याचा शेठ स्वतःच्या खर्चानं ठेवी आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटे.

पुकारा

आमच्याकडे मिठाच्या टोपल्या मोजताना पहिलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, असा पुकारा करत मोजायचं. कारखान्यातही मी मालाच्या टोपल्या तशाच मोजत असे, आणि एका दमात वीसपर्यंत जाई. आवाज हौदापर्यंत पोचे. त्याचा मला थोडा गर्व होता.

एके दिवशी सातावर दम तुटला. परत पहिल्यापासून सुरू केलं तर पाचावर खोकला आला. टोपल्या वाहणाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "दामूदादा, लाभातच तोटा?" सगळे हसले. मीही हसलो, घसा बसलाय म्हणालो.

तो घसा पुढे बसलेलाच राहिला. पुकारा मी दुसऱ्याला द्यायला लागलो. घरी येताना खाडीचा बांध चढवेना. वाटेत थांबून मी चपलेचा अंगठा नीट करायला बसत असे. येणारे-जाणारे विचारत, "चप्पल तुटली काय?" मी हो म्हणे. चप्पल चांगली होती. अंगावरचं मांस उतरलं, सदरा खांद्यावर लोंबायला लागला. मी यमुनेला, माझ्या बायकोला, सदरे थोडे आत घ्यायला सांगितले. तिनं सुई हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि सुई परत खोचून ठेवली.

"त्यो रोग तर न्हाय ना?" तिनं विचारलं.

क्षयाचं नाव आमच्या घरात कोणी घेत नसे. घेतलं तर घरात येईल, असं वाटे.

वसईची हवा

मुलीचं लग्न ठरलं नसतं तर कदाचित मी लवकर दवाखाना गाठला असता. हिराचं लग्न राई गावच्या बाळाराम पाटलांच्या मुलाशी, वसंताशी ठरलं होतं. बाळाराम आमच्यासारखेच मिठागरवाले, पण मिठाचं उत्पन्न आटलेलं. वसंत चांगला मुलगा, हाताला काम मात्र नव्हतं. बैठकीत मीच म्हणालो होतो की त्याला चाळणीच्या खोलीत लावून देतो, शेठ माझा शब्द मोडणार नाही. त्यावरच सुपारी फुटली.

आता सासरा क्षयी निघाला तर सुपारी परत येणार. आणि तेवढ्यावर भागणार नव्हतं, आमच्या घरचं पाणी कोणी प्यायलं नसतं, धाकटीचंही जमलं नसतं. यमुनेनं ठरवलं, "तुमी वसईला माझ्या भावाकडं हवापालट करायला गेलाव, असं सांगू. तुमी मुंबईला मोठ्या दवाखान्यात जावा. कोनाला काय कळत न्हाय."

मी कबूल झालो. निघायच्या आधीचे काही दिवस माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा. हिरा जवळ आली की यमुना तिला काहीतरी काम सांगून बाहेर पाठवी. एकदा हिरा म्हणाली, "आये, मी काय लहान हाय? मला दिसतंय." मी भिंतीकडे तोंड केलं. घरचा कर्ता माणूस, आणि स्वतःच्या पोरीसमोर तोंड फिरवून बसायचं, याहून हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. शेजाऱ्यांना वसईला चाललो म्हणून हसत सांगितलं आणि मुंबईला गेलो.

वॉर्ड

दवाखान्यात प्रत्येकाच्या खाटेशी थुंकायला झाकणाचं भांडं असे. सकाळी पहिलं काम त्याचंच. मग ताप पाहणं, दूध, डॉक्टरांची फेरी, जेवण, पडून राहणं. आजारी माणसाला लाज तिथे आपोआप सोडावी लागते असं म्हणतात. माझी सुटली नाही. भांडं उचलायला कोणी आलं की मी झोपल्याचं सोंग घेत असे. न्हाऊ घालायला आलेल्या माणसाला मी म्हणालो, मी धुतो माझं. तो म्हणाला, "धुवा की, कोण नाय म्हणतंय? पण मधेच बसलात तर मला हाक मारा." मी मधेच बसलो. हाक मारली नाही. त्यानंच येऊन मुकाट्यानं पाठ चोळली. कोणी दया न दाखवता काम करून जातं, त्याचे उपकार तिथे कळले.

छातीचा फोटो काढला. थुंकी बरेच वेळा तपासली. मग एक दिवस डॉक्टर खाटेवर येऊन बसले. उभ्याउभ्या बोलणारा डॉक्टर बसला, तसा मीही उठून बसलो.

"काम काय करता तुम्ही?"

मी सांगितलं. काम विचारल्यावर मला बरं वाटे. दगडापासून चाळणीपर्यंत सगळं सांगितलं.

"चाळताना पूड किती उडते?"

"मणामागे पाव शेर घट धरतो," मी म्हणालो. "खिडक्या बंद असल्या की त्याहून कमी."

"मग ती घट जाते कुठे?"

इतकी वर्षं घट काढली, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीही नाही. डॉक्टरांनी फोटो खिडकीकडे धरला. छातीच्या दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके होते, अगदी चाळणीतून पाडल्यासारखे.

"क्षय नाही," ते म्हणाले. "निदान आज तरी त्याचे जंतू नाहीत. ही दगडाची पूड आहे. दुसऱ्या कोणाला लागत नाही. पण निघतही नाही. त्या खोलीत पुन्हा जाऊ नका. आणि अशा छातीला क्षय लवकर धरतो, म्हणून जपून राहा."

"गुळानं काही..."

"गूळ पोटात जातो हो. छातीत कसा जाईल?"

आतला दगड कधीच निघणार नाही, हे कळलेल्या माणसाच्या मनात पहिला विचार काय यावा? माझ्या मनात आलं, सुटलो, क्षय नाही. आनंद झाला. शेजारच्या खाटेवर खरोखरीचा क्षयी मुलगा होता, त्याच्या देखत झाला.

एक ताट

यमुना भेटायला आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, "म्हंजे दुसऱ्याला लागत न्हाय?" नाही म्हटल्यावर तिनं डब्यातली भाकरी माझ्या ताटात काढली, एक तुकडा मोडला आणि त्याच ताटातून खाल्ला. कितीतरी दिवसांनी. आम्ही दोघं एकाच ताटात जेवलो. आजारपणातलं सुख म्हणून कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

पुढच्या खेपेला तिच्याबरोबर पास्कू आला. मी वसईला नाही, इथे आहे, एवढं तिनं त्याला सांगितलं होतं. तो खाटेच्या कडेला बसला, इकडेतिकडे बघितलं. "चांगला आराम चाललाय, दामू. दूध काय, अंडं काय! मी पन खोकू काय?" मग म्हणाला, "तुझी जागा काय रिकामी न्हाय ठेवली शेठनं. तुझा व्हनारा जावई बसलाय थितं. चांगला करतोय काम. दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर भूत होऊन आला!"

मी यमुनेकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. तिला ठाऊक होतं.

पास्कू बाहेर गेल्यावर मी म्हणालो, "वसंताला तिथून काढायला हवं. बाळारामना सांगतो."

"काय सांगनार?" ती म्हणाली. "माझ्या छातीत दगड भरलाय म्हनून? कोन मानंल? क्षय झाकायला बहाना करतायत, असंच बोलतील. आनि नोकरी सोडली तर लगीन कशावर व्हनार? लगीन होऊ द्या. मंग सांगा. वर्सा-सहा म्हयन्यानं काय व्हतंय?"

"मला किती वर्षं लागली, तुला माहीत आहे?"

"न्हाय," ती म्हणाली. "तुमाला तरी म्हाईत हाय काय?"

खरंच ठाऊक नव्हतं. कोणत्या दिवशी पूड आत बसायला लागली, हे कोणी मोजलेलं नव्हतं. यमुना वाईट बाई नाही. तिला दोन मुली उजवायच्या होत्या. तिचा राग येण्यापेक्षा मला माझीच शरम वाटली, कारण तिचं ऐकावं असं मलाही वाटत होतं. बरेच दिवस मी तिला हो म्हणालो नाही आणि बाळारामना निरोपही धाडला नाही.

दोन पेले

बाळाराम स्वतःच आले. वसईला कोणीतरी चौकशी केली होती, आणि मी तिथे नाही हे उघडं पडलं होतं. भेटीच्या वेळेला ते वॉर्डाच्या दारात उभे राहिले, डोक्यावर लाल टोपी, हातात गुळाची ढेप. मी थुंकीचं भांडं घाईनं खाटेखाली सारलं.

"वसईची हवा लई लांब आली की, व्याही," ते म्हणाले.

त्यांनी उपरण्यानं नाक झाकलं होतं.

"खरं बोला. क्षय हाय?"

"न्हाय," मी म्हणालो. मी कारखान्यात आणि इथेही पुस्तकी बोलत असे, पण त्या वेळी तोंडून घरचीच बोली आली. "क्षय न्हाय. आपल्या कारखान्याची पूड हाय. गारगोटीची. वसंताला थितून आजच काढा."

बाळाराम हसले. "पांढऱ्या धुळीनं मानूस मरतो काय? मंग आमी मिठागरवाले कवाच मेलो असतो. माझ्या बापानं जन्मभर मीठ खाल्लं, पेलं, अंगाला माखलं. पान्यानं जातं वो सगळं."

मी त्यांना आकडे सांगू शकलो असतो, घटीचा हिशेब सांगू शकलो असतो. त्यांनी तो मानला नसता. दात घासायला मी कारखान्याचीच पूड डबीत आणली होती. मी दोन पेले पाण्याचे भरून स्टुलावर ठेवले. एकात ताटातलं मीठ टाकलं, दुसऱ्यात डबीतली पूड, दोन्ही चिमटी सारखीच. चमच्यानं ढवळलं. चमचा पेल्यावर वाजत होता. खोकला आला. मी भांडं खाटेखालून काढलं आणि त्यांच्यासमोर थुंकलो. आता दडवून काय उपयोग होता?

मीठ दिसेनासं झालं. दुसरा पेला दुधासारखा झाला होता. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. आजूबाजूला लोकांच्या भेटी चालल्या होत्या, कोणी रडत होतं, कोणी संत्रं सोलत होतं. पाणी हळूहळू निवळायला लागलं, आणि तळाशी पांढरा थर धरला. बाळारामांनी पेला उचलला, हलवला. परत दूध. परत ठेवला. परत थर. सगळं आयुष्य मीठ पिकवण्यात गेलेला माणूस, त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"हे तुमच्यात हाय?"

"हाय."

"निघनार न्हाय?"

"न्हाय."

त्यांनी नाकावरचं उपरणं सोडलं. गुळाची ढेप खाटेवर ठेवली आणि निघून गेले.

घरी

महिन्याभरानं घरी आलो. बरा होऊन नाही, सांभाळायचं कसं ते शिकून. बांध चढायला हिरानं हात दिला. लोक दारात येऊन उभे राहिले. या वेळी मी चपलेशी चाळा केला नाही, दम येईपर्यंत सरळ उभा राहिलो. तरी मान वर झाली नाही.

वसंत आता बापाबरोबर मिठागरात होता, हे पास्कूनं सांगितलं. आणि सुपारी परत आली, हे यमुनेनं सांगितलं. बाळारामांचा निरोप सरळ होता: मुलगी चांगली आहे, व्याह्यांनी पुडीचं सांगितलं ते खरं हेही पटलं, पण लोकांची तोंडं कोण धरणार, आणि आता पोराला नोकरी नाही, तर सून आणून तिला काय घालू? यमुना माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

एका सकाळी हिरा माझ्यासाठी गरम पाणी घेऊन आली. मी घोट घेतला आणि म्हणालो, "हिरे, तुझं लगीन माझ्यापायी मोडलं."

तिनं पदरानं ओटा झटकला, माझ्यापासून दूर, धूळ माझ्याकडे येऊ नये म्हणून. मग विचारलं, "बा, त्यो जगंल ना?"

"जगंल. थोडेच दिस होता थितं."

"मंग झालं."

ती पेला घेऊन आत निघाली आणि उंबऱ्यावर थांबली. "आनि आता थितं कोन बसतंय?"

मला ठाऊक नव्हतं. होणाऱ्या जावयाला बाहेर काढण्यापुरतंच मी बोललो होतो, आणि त्यानंतर त्या जागेवर कोण आलं हे विचारलंसुद्धा नव्हतं. जागा रिकामी राहत नाही, हे मला सगळ्यांहून जास्त माहीत. माझं तोंड बघून तिला काय ते कळलं. ती रागावली नाही. तिनं फक्त माझ्या चपला आणून पुढे ठेवल्या.

संध्याकाळी पास्कूकडून नाव कळलं. मोरव्याचाच माणूस, आमच्या आळीच्या टोकाला राहणारा, घरात तीन पोरं. दुसऱ्या दिवशी सुटीचा वार होता. मी एकटाच निघालो. तोंडावर फडकं धरलं नाही. वाटेत तीनचार ठिकाणी बसलो, कोणी विचारलं तर दम लागलाय म्हणून सांगितलं. त्याच्या दारापाशी पोचलो तेव्हा बोलायला छातीत हवा नव्हती. आतून भांड्यांचा आवाज येत होता, एक मूल हसत होतं. मी खांबाला धरून श्वास परत येईपर्यंत उभा राहिलो. मग त्याला नावानं हाक मारली.